टर्बोवरचा पत्रा

हे मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवासमोर उभा राहिलो तेव्हाही नाही. गेल्या महिन्यात काही माणसांकडे जाऊन सांगितलं, पण त्यातही एक गोष्ट गाळली. इतकी वर्षं लपवलेलं बाहेर काढतानाही माणूस थोडं मागे ठेवतो — असं का, ते मला कळत नाही. आज तेही लिहिणार आहे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच बहुतेक जमेल.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मोटार मेकॅनिक होतो. घोडपदेवच्या एका गल्लीत माझं गॅरेज होतं — दोन गाड्या आत, एक बाहेर, एवढंच. वडील मालवणकडचे, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. मी लालबागच्या चाळीत वाढलो, अजून लालबागलाच राहतो. गल्लीत मला दत्ताभाऊ म्हणायचे. गाडी गरम होते का? दत्ताभाऊकडे ने. दादरहून, गिरगावातून लोक यायचे. याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याचा संबंध आहे.

टर्बो गाड्या आल्या तेव्हा आमच्यातले बरेच जण त्यांना हात लावायला बिचकायचे. मी शिकून घेतलं. त्यात फार अवघड काही नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू फुकट जाऊ द्यायचा नाही, त्याच्यावर एक छोटं चक्र फिरवायचं, आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा भरायची. ताकद वाढते. पण त्या चक्राचं कवच तापतं — असं तापतं की घाट चढून आलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं तर कधी कधी ते अंगारासारखं लाल दिसतं. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर काय असतं? रबराच्या नळ्या, प्लास्टिकचे डबे, वायरी. सगळं एका पेटीत कोंबलेलं.

म्हणून कवचावर एक पत्रा असतो. पातळ, दुहेरी, मध्ये उष्णता अडवणारा थर. तीन बोल्ट. दिसायला अगदी फालतू वस्तू. आवाज करतो म्हणून काही जण काढून टाकतात. मी गिऱ्हाइकांना दम द्यायचो — इंजिनाचं झाकण नसलं तरी चालेल, हा पत्रा हवाच. शिवाय सांगायचो, दमलेली गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं तशीच चालू ठेवा. बंद केलीत की पंखा थांबतो, तेल थांबतं, बाहेरची हवा थांबते, आणि सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडून बसते. गाडी धावताना होत नाही ते गाडी थांबल्यावर होतं. हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता गौतमबद्दल.

गौतम माझ्या गॅरेजमध्ये वायरिंगचं काम करायचा. नोकर नव्हता — त्याचं काम त्याचं, माझं माझं, जागा एक. परळच्या चाळीतला. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच गिरणीत, वेगवेगळ्या खात्यांत. त्याच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, माझ्या घरी गणपती आणि रवळनाथ. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. हे मी चारचौघांत सांगायचो. मोठेपणा म्हणून सांगायचो — हेही आता कळतं.

त्याचा हात सुंदर होता. दुसऱ्याने केलेलं वायरिंग म्हणजे पिंजरलेल्या झिपऱ्या. गौतमचं म्हणजे नीट घातलेली वेणी. प्रत्येक जोडावर नळी, प्रत्येक वळणावर पट्टी. आणि बोलायला तिखट. खंडेनवमीच्या सकाळी आम्ही दोघं मिळून सगळे पाने, पक्कड, हातोड्या रॉकेलने धुवायचो. तो पूजेला बसायचा नाही, पण धुवायला पहिला. म्हणायचा, "दत्तू, तेराच्या पान्याला दोन टिळे लाव. वर्षभर तोच मरतो." आणि नारळ फुटला की हात पुढे, "पूजा तुझी, खोबरं माझं." त्याची हत्यारांची पेटी वेगळी, निळी. ती पूजेत नसायची. ठरवून असं नव्हे, पहिल्या वर्षापासून तसंच चालत आलेलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजली की दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत. लाल कापडावर ओळीने मांडायची, हळद-कुंकू, झेंडू, उदबत्ती — आणि मग हात नाही. गल्लीत बाकीचे हळूहळू सैल झाले होते. कोणी पूजा करून संध्याकाळी पंक्चर काढायचा. मी नाही. चाळीस वर्षांत माझ्या गॅरेजमध्ये पूजलेल्या लोखंडाला कोणी हात लावलेला नाही, असं मी त्याही सकाळी समोरच्या वेल्डिंगवाल्या महादेवला ऐकवलं होतं. चांगलं मोठ्याने.

या गोष्टीला तेरा-चौदा वर्षं झाली.

परब गुरुजींची गाडी होती. गुरुजी म्हणजे म्युनिसिपल शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. लालबागला आमच्या मागच्या चाळीत राहायचे. शांत माणूस. दसऱ्याला गावी निघाले होते, बायको आणि सून बरोबर. घाटात धुकं असतं म्हणून पुढे दोन पिवळे दिवे बसवून हवे होते. ते काम गौतमचं. दिव्यांची वायर टर्बोच्या बाजूने न्यायची तर पत्रा काढावा लागतो, हात जात नाही. पत्रा मी काढून दिला. तीन बोल्ट एका वाटीत ठेवले. गौतमने विचारलं, "इथून नेऊ का? पत्रा आहे म्हणून चालेल. नाहीतर पलीकडून लांबून आणावी लागेल." मी बघितलं. मुख्य वायरींचा जुडगा तिथूनच जात होता. मी म्हटलं, "इथूनच ने. पत्रा असल्यावर काय होतंय?"

तेव्हा ते खरंच होतं. पत्रा असल्यावर काही झालं नसतं.

गौतमला दुपारची गाडी पकडायची होती — नागपूरला, दीक्षाभूमीवर. दर वर्षी जायचा. बारा वाजायच्या आत त्याने काम संपवलं, दिवे लावून दाखवले, पांढरा सदरा घातला. पेटी तशीच उघडी टाकून निघाला. जाताना म्हणाला, "माझं झालं. पत्रा तेवढा चढव रे." मी म्हटलं, "तू जा, मी बघतो."

आणि मी पूजेला लागलो. मुहूर्त टळत होता. महादेव आला, शेजारचे दोघं-तिघं आले, बायको घरून नैवेद्य घेऊन आली. आरती झाली. सगळे पाने कापडावर. मी हात जोडून मागे वळलो, तर परब गुरुजी दारात. म्हणाले, "दत्ताभाऊ, चारला निघायचंय. झालं ना?"

तेव्हा मला पत्रा आठवला.

तो बाकाखाली पडला होता. शेजारी वाटीत तीन बोल्ट. दहाचा पाना लाल कापडावर, त्याच्यावर कुंकू आणि झेंडूची पाकळी. किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. आणि तो पाना उचलायचा नव्हता, तरी गौतमची निळी पेटी उघडी होती. त्यात त्याचा दहाचा पाना होता, मला दिसत होता. त्याला कुंकू नव्हतं. कुठलाही नेम मोडला नसता.

पण महादेव प्रसाद खात उभा होता. सकाळी मी त्याला ऐकवलं होतं. आता आरतीचा वास जायच्या आधी मी गाडीत डोकं घातलं असतं, तर तो हसला असता. गल्लीभर सांगितलं असतं — दत्ताभाऊचा नेम बघा. आणि वर, पूजेच्या दिवशी गौतमचा पाना? त्याचंही काहीतरी बोलला असता. मला ते ऐकायचं नव्हतं.

एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं. नाही सापडलं.

मी बॉनेट लावलं. गुरुजींच्या हातात चावी दिली. म्हटलं, "या दसरा करून. आल्यावर एकदा दाखवून जा." मनात हिशेब केला होता — चार दिवसांचा प्रवास, थंड हवा, गाडी धावती असेल, काय होतंय? घाट चढून गेल्यावर ते चहाला थांबतील आणि थांबल्या थांबल्या चावी फिरवतील, हे डोक्यात आलं नाही का? आलं होतं. मला तेवढंच सांगायचं होतं त्यांना — थांबल्यावर दोन मिनिटं चालू ठेवा. तेही मी बोललो नाही. कारण ते बोललो असतो, तर ते म्हणाले असते, का हो, काही राहिलंय का?

घाट चढून ते टपरीशी थांबले. गाडी बंद केली. बायको आणि सून उतरून चहाकडे गेल्या. बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. गुरुजींनी जाऊन बॉनेट उचललं — उघड्या हातांनी — आणि आत कोंडलेल्या आगीला हवा मिळाली. दोन्ही हात भाजले. टपरीवाल्याने माती टाकली, कोणी पाणी ओतलं. इंजिनाची बाजू जळून गेली. माणसं वाचली.

बातमी दसऱ्याच्या सकाळी आली. मी तेव्हा हत्यारं उचलत होतो. गुरुजींच्या मुलाचा फोन होता. म्हणाला, "वायरिंग जळलं म्हणतात तिथले लोक." मी ऐकत होतो आणि माझी नजर बाकाखाली. पत्रा तिथेच होता. तीन बोल्ट वाटीत.

आता ऐका, मी काय केलं ते. मी शटर अर्धं खाली ओढलं. पत्रा ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याने ठोकून चपटा केला. मग त्याची घडी घातली आणि भंगारच्या पोत्यात तळाशी सारली. घाबरून केलं असं म्हणू? हात कापत नव्हते. मी व्यवस्थित काम करतो, ते काम पण व्यवस्थित केलं.

मग महादेव आला. त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, "वायर जळली ना? गौतमने काल काम केलेलं ना? मी तेव्हाच म्हटलं, नवमीच्या दिवशी हत्यार चालवतो, देवाला मानत नाही, त्याचं असंच व्हायचं."

गौतमने काम केलं तेव्हा पूजा व्हायची होती. सगळी हत्यारं त्यानेच माझ्याबरोबर धुतली होती. हे मला माहीत होतं, महादेवलाही माहीत होतं. आणि मी काय बोललो? मी म्हटलं, "मी सांगत होतो त्याला, आज राहू दे."

हे वाक्य मी उच्चारलं. कोणी विचारलं नव्हतं. महादेव बोलून गेला असता, मी गप्प राहिलो असतो, तरी पुष्कळ झालं असतं. मी स्वतःहून त्यात भर घातली. तीस वर्षांचा डबा कुठे गेला होता त्या क्षणी? आतून काहीतरी असं निघालं की जे मी माझ्यात नाहीच असं समजत होतो. ते होतं. फक्त गरज पडली नव्हती.

गौतम नागपूरला होता. तीन दिवसांनी आला तोवर गल्लीत ठरून गेलं होतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला होता. त्याने मला विचारलं, "टर्बोवर शील्ड होती का?" मी म्हटलं, "होती. मी स्वतः बसवली. पातळ असते, आगीत गेली असेल." त्याने लिहून घेतलं, नवीन वायर कोणी टाकली ते लिहून घेतलं, मी सही केली. ठळक, मराठीत, पूर्ण नावाची सही.

गौतम स्टेशनवरून थेट गॅरेजला आला. माझ्या सुनेसाठी संत्र्याची बर्फी आणली होती. महादेवने दारातच गाठलं होतं त्याला. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याने एकच विचारलं, "दत्तू, पत्रा बसवला होतास ना?"

मी म्हटलं, "बसवला होता."

त्याने पिशवी खाली ठेवली. माझ्यावर संशय घ्यावा, पोतं उलटं करावं, असं काही त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्याच क्षणी स्वतःवरचा काढून घेतला. म्हणाला, "मग माझंच काहीतरी. लांबून न्यायला हवी होती."

मी बर्फीचा डबा घेतला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे मी काहीच केलं नाही आणि तेच सांगायचं आहे. गौतमकडे काम येईना. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, वायरिंग कोण करणार? दुसरा कोणी आहे का? महादेवची गोष्ट गिऱ्हाइकांच्या तोंडून परत येऊ लागली — देवाला न मानणाऱ्याने नवमीला काम केलं. गौतम चिडला असता तर बरं झालं असतं. पूर्वीच्या गौतमने महादेवला गल्लीतच उभा फाडला असता. हा गप्प. त्याला वाटत होतं की चूक आपलीच आहे, मग भांडायचं कशावर? तीन-चार महिन्यांनी त्याने निळी पेटी उचलली. परळला गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय, तिथे गेटवर लागला. निळा गणवेश, खुर्ची, वही. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

मी त्याला सोडायला स्टॉपपर्यंत गेलो होतो. पेटीचा एक कान मी धरला होता.

तुम्ही विचाराल, मग वर्षानुवर्षं काय? काही नाही. मी गॅरेज चालवलं. गाड्यांचे पत्रे बसवले. प्रत्येक वेळी बोल्ट आवळून झाल्यावर हात लावून बघायचो. लोक म्हणायचे, दत्ताभाऊ किती काळजीने काम करतात. खंडेनवमीला पूजा केली, दर वर्षी. गौतम अधूनमधून भेटायचा, आम्ही चहा प्यायचो. तो त्या गोष्टीबद्दल बोलायचा नाही, मीही नाही. तो लाजेने, मी कशाने? माझ्याकडे त्याला शब्द नाही.

गेल्या वर्षी गौतम वारला. फुप्फुसाचा आजार होता. त्याच्या पुण्यानुमोदनाला मी परळला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं दोन-दोन शब्द बोलली. शेवटी त्याची मुलगी मित्रा उठली. लॅबमध्ये नोकरी करते. लहान असताना गॅरेजमध्ये येऊन टेस्टरचा दिवा लावत बसायची. ती म्हणाली, "बाबांच्या हातून एकदा एक चूक झाली होती. त्यानंतर त्यांनी घरातला बल्बसुद्धा स्वतः बदलला नाही. मला हाक मारायचे. स्टूल धरून खाली उभे राहायचे. ज्यांचे हात भाजले त्या गुरुजींकडे ते दर दसऱ्याला जायचे, माफी मागायला. चूक मान्य करायची कशी, हे मी बाबांकडून शिकले."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दर दसऱ्याला. मला हे माहीत नव्हतं. गुरुजी माझ्या मागच्या चाळीत, आणि मी तेरा वर्षांत त्यांच्या दारात दोनदा गेलो असेन.

त्यानंतरही वर्ष लागलं मला. गेल्या महिन्यात आधी गुरुजींकडे गेलो. आता नव्वदीला आलेत. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, डाव्या हाताने कप धरतात. मी सांगितलं — पत्रा, पाना, महादेव, सही. मध्ये थांबलो नाही. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तो यायचा हो. चप्पल बाहेर काढून, दाराशी बसायचा. खुर्चीवर बस म्हटलं तरी नाही. माझा हात हातात घेऊन बघायला मागायचा — सुधारलाय का. मी एकदाही दिला नाही त्याला हात." नंतर म्हणाले, "तुम्ही आता हे मला का सांगितलंत, दत्ताभाऊ? तो असताना सांगायचं होतं. आता मी काय करू?"

मला वाटलं होतं, मी माझं ओझं उतरवायला चाललोय. ते त्यांच्या मांडीवर ठेवून आलो.

मग मित्राकडे. तिला गॅलरीत उभं राहूनच सांगितलं, आत जायची हिंमत झाली नाही. तिने मध्येच एकदा विचारलं, "म्हणजे वायर बरोबर होती?" मी म्हटलं, "वायर बरोबर होती. नळी बरोबर होती. बांधणी बरोबर होती. तुझ्या बाबाच्या कामात काही खोट नव्हती." तिने मला परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं. मग तिने सांगितलं, "काका, तुम्ही आता निघा." दार लावलं नाही. आत गेली आणि मला पाठ करून उभी राहिली. मी जिना उतरलो.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, महादेवलाही जाऊन सांगा. तिने काही सांगितलं नाही. मी आपणच गेलो. महादेव आता काही ऐकू येत नाही म्हणतो, पण ऐकलं त्याने. म्हणाला, "जाऊ दे ना दत्ताभाऊ, जुनी गोष्ट." मी म्हटलं, "जुनी नाही." गल्लीत जे-जे त्या वेळचे उरलेत त्यांना सांगितलं. चार जण उरलेत. एकाला गौतम कोण तेच आठवेना.

आता ते राहिलेलं. जे मित्राला सांगितलं नाही. हे लिहून झालं की तिलाही वाचायला देणार आहे, म्हणून इथे लिहितो. तोंडाने मला जमलं नसतं.

गौतम जायच्या आठवडाभर आधी मी त्याला भेटायला हॉस्पिटलात गेलो होतो. दुपारची भेटीची वेळ. मित्रा औषधं आणायला खाली गेली होती. वॉर्डात गर्दी, शेजारच्या खाटेवर कोणाची तरी पोरं मोसंबी सोलत होती. गौतम खूप वाळला होता. नाकात नळी. मी स्टुलावर बसलो. इकडचं तिकडचं बोललो — गॅरेज विकलं, चाळ पाडणार म्हणतात. तो ऐकत होता. मग त्याने मान वळवली आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला.

"दत्तू, एक खरं सांग. गुरुजींचं ते — माझ्यामुळेच झालं ना रे?"

त्याला मरताना ते स्पष्ट हवं होतं. बाकी काही मागितलं नाही त्याने. आणि वॉर्डात असं कोणी नव्हतं ज्याच्यापुढे माझी लाज जाणार होती. महादेव नव्हता. सर्व्हेअर नव्हता. गॅरेज विकून झालं होतं, राखायला नावही उरलं नव्हतं. चार शब्द होते — पत्रा मी बसवला नाही. एका श्वासात होतात.

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "गौतम, चूक होते माणसाच्या हातून. मी कधी मनात धरलं नाही."

मी त्याला माफ केलं. माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं.

त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "तू सांभाळून घेतलंस मला. कोणी नाही घेतलं." मित्रा औषधांची पिशवी घेऊन आली, तेव्हा तो तिला म्हणाला, "दत्तूकाकाला चहा आण." तिने आणला. मी तो चहा प्यायलो.